सुवार्तेतलं काय गाळायचं?

(दृश्य: नाशिकरोड, बाळ येशूची यात्रा. मेणबत्त्यांची रांग वरून. मग चेहरे, जवळून.)

फेब्रुवारी महिना. नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरलीय आणि पाय ठेवायला जागा नाही. रांगेत नीट पाहा. गळ्यात क्रूस आहेत, तशीच मंगळसूत्रंही आहेत. कपाळावर कुंकू आहे. नवस बोललेला असतो, तो फेडायचा असतो. मूल व्हावं, पोराला नोकरी लागावी, कोर्टातली तारीख एकदाची संपावी. मेणबत्ती लावायची, डोळे मिटायचे, बाहेर येऊन लेकरांना काहीतरी खायला घ्यायचं आणि घरची बस पकडायची.

यात नावं ठेवण्यासारखं काही नाही. पण समजा, यांतल्याच एखाद्या बाईनं शेजारच्या ख्रिस्ती बाईला विचारलं, "ताई, हा येशू नेमका कोण? आणि त्याला माझ्याकडून काय हवंय?" तर किती सांगायचं? आजार बरे करतो, इथवर? की पाप, पश्चात्ताप, वधस्तंभ, न्यायाचा दिवस, सगळंच?

(दृश्य: एका चर्चच्या मंडळीतली तरुणांची बैठक. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, गिटार, मोबाईलवर रील कापणं चालू.)

नाशिकच्या तरुण सुवार्तिकांचं, म्हणजे येशूची सुवार्ता (शुभवार्ता) सांगत फिरणाऱ्यांचं, उत्तर बहुतेक तयार असतं. त्यांच्यातला एक म्हणतो, "साहेब, आधी माणूस बसू तर द्या. पहिल्याच वाक्याला पाप म्हटलं की तो पुढचं रील लावतो." त्याचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नये. चौकात कर्णा लावून नरकाच्या ज्वाळा दाखवणारे प्रचारक या शहरानंही पाहिलेत. त्यांच्यामुळे कुणाचं मन वळलं असेल ते असो, कान मात्र बऱ्याच जणांनी बंद केले. म्हणून हा मुलगा पहिल्या भेटीत प्रीतीबद्दल बोलतो, शांतीबद्दल बोलतो. दुसऱ्या भेटीत आशीर्वादाबद्दल. वधस्तंभाची गोष्ट कधी काढतोस, असं विचारलं तर तो हसतो. "वेळ आली की."

ती वेळ कोण आणणार?

(दृश्य: शरणपूर रोड, सकाळ. दुकानांची शटरं उघडताहेत. कॅमेरा संत आंद्रिया चर्चच्या आवारात शिरतो.)

आज शरणपूर रोडला गाडी लावायला जागा मिळत नाही. १८५० च्या दशकात हा भाग नाशिक शहराबाहेर होता. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधल्या संस्थेचं काम नाशकात १८३२ पासून सुरू होतं. रेव्हरंड विल्यम साल्टर प्राइस यांनी इथं ख्रिस्ती लोकांची वसाहतच उभी केली. शाळा, सुतारकाम, लोहारकाम, अनाथ मुलांची राहण्याजेवणाची सोय.

इथल्या मुलांत काही थेट आफ्रिकेतून आलेली होती. गुलामांची वाहतूक करणारी गलबतं इंग्रजांचं आरमार समुद्रात अडवायचं. सुटका झालेली मुलं मुंबईला उतरायची आणि त्यांतली काही शरणपुरात यायची. त्यांना पुढं 'नासिक बॉईज' असंच नाव पडलं. त्यांच्यातलाच एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये मिशनरी आणि संशोधक प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या आतल्या मुलखात वारले. सोबतच्या माणसांनी त्यांचं हृदय तिथंच झाडाखाली पुरलं. त्या वेळी दफनविधीचे शब्द वाचले ते शरणपुरात शिकलेल्या वेनराइटनं. झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली, तीही त्यानंच. पुढच्या वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटीसोबत चालणाऱ्यांत तो होता. पुढं प्राइस स्वतः मोंबासाकडं गेले आणि सुटका झालेल्या गुलामांसाठी तिथंही वसाहत झाली.

शरणपुरात भाकरी, छप्पर आणि सुवार्ता एकाच हातानं मिळाली. त्या हाताला नाही म्हणायला मुलांना किती जागा होती, हा प्रश्न उरतोच.

(दृश्य: जलालपूर. गोदावरीचा काठ, धुणं, पाण्यावरचं ऊन.)

नाशिकजवळचं हे जलालपूर. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म इथला, १८६८ चा. माहेर कमालीचं सोवळ्याचं. नवरा नारायण वामन टिळक. मूळचे कोकणातले, पण संस्कृत शिकले नाशकात.

(दृश्य: नाशिकरोड स्टेशन. फलाट, लांबून येणारी गाडी.)

टिळकांची गोष्ट रेल्वेच्या डब्यात सुरू होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना समोर एक गोरा गृहस्थ बसला होता. बोलणं निघालं ते काव्यावर. दोघं रंगले. आणि मग उतरायच्या आधी त्या गृहस्थानं बायबलमधल्या नव्या कराराचं पुस्तक हातात ठेवलं आणि सरळ सांगितलं, की तुम्ही दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतलं आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाशी ते अडकले. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

तरुण सुवार्तिकांना आवडेल अशी ही गोष्ट आहे, कारण सुरुवात कवितेनं झाली. आम्हाला ती शेवटासाठी सांगावीशी वाटते. त्या माणसानं कविता आमिष म्हणून वापरली नाही आणि मनातलं तोंडातल्या तोंडातही ठेवलं नाही. बायबलमधल्या प्रेषित पौलानं अथेन्समध्ये हेच केलं होतं. तिथल्या वेदीपासून सुरुवात, तिथल्याच कवींचा दाखला, आणि शेवट न्याय आणि पुनरुत्थान यांवर. काही जण हसले. काही म्हणाले, पुन्हा कधीतरी ऐकू. थोड्यांनी विश्वास ठेवला.

बाप्तिस्म्यानंतर टिळकांनी सगळी रीत मराठी केली. अभंग, ओवी, भजन. त्यांची पदं आजही रविवारी गायली जातात. १९१७ मध्ये मिशन सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' हा येशूच्या अनुयायांचा संघ काढला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात घेतलं. हा मवाळपणाच म्हणायचा, असं कुणी म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. दरबारात येणं त्यांनी सोपं केलं, राजा बदलला नाही.

बाप्तिस्म्याची घरी किंमत पडली. नवराबायको काही वर्षं वेगळी राहिली. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा घेतला.

(दृश्य: मंडळीचा हॉल, संध्याकाळ. पेटी, तबला, चिपळ्या. कीर्तनाची तालीम.)

ख्रिस्ती कीर्तनाला महाराष्ट्रात दीडशेहून अधिक वर्षं झाली. नगरकडच्या मिशनात ते उभं राहिलं. बांधणी ओळखीचीच. आधी नमन, मग पूर्वरंगात अभंगावर निरूपण, मध्ये नामगजर, मग उत्तररंगात आख्यान. आज आख्यान आहे उधळ्या पुत्राचं, बापाचा पैसा उडवून उपाशीपोटी घरी परतलेल्या मुलाच्या येशूनं सांगितलेल्या गोष्टीचं. कीर्तनकार आजींनी पदर खोचलाय, चष्मा कपाळावर सरकवलाय. वहीतल्या ओळींवर पेन्सिलीच्या खुणा आहेत, कुठं थांबायचं, कुठं पेटीनं सूर धरून ठेवायचा. पेटीवाला काळी चार धरतो. "एवढं वर नको रे, माझा गळा काय पंचवीस वर्षांचा आहे का?" तो पट्टी उतरवतो. मुलगा डुकरांपुढच्या शेंगांकडे बघतो, ती जागा आजी पुन्हा पुन्हा घेतात. शेंग सोलल्यासारखी दोन बोटं फिरवतात, तोंडाशी नेतात आणि तिथंच थांबतात.

कीर्तन आहे नाताळसाठी. शेजारच्या सोसायटीतले लोक ऐकायला येणार आहेत. म्हणून समितीतले एक काका सुचवतात, "आजी, ते 'बाबा, मी पाप केलंय' एवढं जरा कमी करता येईल का? पाहुणे आहेत, वाईट वाटायला नको."

आजी चिपळ्या खाली ठेवतात. "अहो, ते काढलं तर उरलं काय? पोरगं सुट्टीला घरी आलं, एवढंच ना? मग बाप धावत कशाला गेला?"

ओळ राहिली. चाल मात्र आजींनी बदलली. भूपाळीच्या वळणाची घेतली, आवाज खाली आणला. आम्हाला म्हणायचंय ते या तालमीत आलंय.

(दृश्य: रविवारची उपासना. प्रभुभोजन. पेला, अगदी जवळून.)

प्रभुभोजन म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण. त्यात सगळ्यांना एकच पेला. एकानं ओठ लावला की पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, पांढऱ्या फडक्यानं कड पुसतात, पेला किंचित फिरवतात आणि पुढच्याला देतात. करोनानंतर काही मंडळ्यांत छोटे वेगळे पेले आले, इथं जुनी रीत अजून टिकून आहे.

(दृश्य: पंचवटी, काळाराम मंदिराचा दरवाजा.)

याच शहरात २ मार्च १९३० रोजी मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह उभा राहिला. जिथं देवळात कुणी जायचं यावर लढा द्यावा लागला, तिथं उष्ट्या पेल्याची गोष्ट केवढी जड गेली असेल. आमच्या मते त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या सिद्धांतापेक्षा इथल्या माणसाला हीच अट अवघड होती. ती सैल करायचा मोह मिशनऱ्यांनाही झाला. दक्षिणेत तमिळ मुलखातल्या काही मंडळ्यांत जातीनुसार वेगळं बसणं, प्रभुभोजनाला वेगळं येणं चालू दिलं गेलं होतं. माणसं बिचकू नयेत म्हणून. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी ते बंद करण्याचा आदेश काढला, तेव्हा चांगलाच विरोध झाला. सुरुवातीला जे झाकलं, ते नंतर उघड करणं इतकं महाग पडतं.

(दृश्य: पाळकांची अभ्यासिका. टेबलावर बायबल, रजिस्टर, चहा.)

राज्यघटनेच्या २५ व्या कलमानं धर्मप्रचाराचा हक्क दिलाय. त्यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये म्हटलं. ख्रिस्ती लोक आमिष दाखवतात, हा आरोप रोजचाच झालाय. पाळकसाहेबांचं त्यावरचं म्हणणं अनेकांना आवडत नाही.

"नुसतं सांगायचं, ये, आजार जाईल, कर्ज फिटेल. आणि पश्चात्तापाचं, वधस्तंभ उचलण्याचं नंतर बघू म्हणायचं. मग आमिष दुसरं कशाला म्हणतात? अख्खं सांगा. ऐकणाऱ्याला नाही म्हणता आलं पाहिजे."

त्यांच्याकडे बाप्तिस्म्याची तयारी महिनोन् महिने चालते. येणाऱ्याला पहिल्या दिवशी विचारतात, घरी सांगितलंय का? मग बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा १४ वा अध्याय काढतात, बुरूज बांधण्याआधी खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचा. त्यानंतर मार्कमधला तो श्रीमंत माणूस. येशूनं त्याच्याकडे प्रीतीनं पाहिलं, आणि सगळं विकायला सांगितलं. तो खिन्न होऊन निघून गेला. येशूनं मागून हाक मारून "बरं, निम्मं दे" असं म्हटलं नाही.

असाच एक द्राक्षबागायतदार दिंडोरीकडून इथं यायचा. कामगारांची थकवलेली मजुरी चुकती कर, हे ऐकल्यावर यायचा थांबला. पाळकसाहेब त्याच्याकडे अजून जातात. थोरल्या मुलीच्या लग्नात ते पंगतीला होते. निघताना त्यानं द्राक्षांची पेटी गाडीत ठेवली. पाळकसाहेबांनी ती घेतली आणि मजुरीचं काय झालं, ते तिथंच पुन्हा विचारलं.