दप्तरातला पंप

श्रोतेहो, नमस्कार. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा सुट्टीभर बंद राहिलेल्या वर्गात कुबट वास असतो, भिंतींना ओल चढू लागते. बालदमा असलेल्या मुलाचा खोकला इथूनच सुरू होतो. त्यात मुलं बाकावर बसलेली असताना केर काढतात, डस्टर खिडकीत झटकतात. मुलं येण्याआधी वर्ग ओल्या फडक्यानं पुसून घ्यावा. खर्च काहीच नाही.

पण खरा घोळ होतो तो पंपाचा, म्हणजे श्वासावाटे औषध घ्यायच्या इनहेलरचा. मुलाला धाप लागते मैदानावर, आणि पंप असतो कार्यालयाच्या कपाटात, कुलपात. हे चालणार नाही. चटकन आराम देणारा सॅल्ब्युटामॉल या औषधाचा पंप आणि स्पेसर, म्हणजे पंपाला लावायची प्लास्टिकची पोकळ नळी, मुलाच्या दप्तरात किंवा वर्गशिक्षकांच्या हाताशीच हवा.

धाप लागली की मुलाला ताठ बसवा, आडवं करू नका. पंप हलवा, स्पेसरला लावा, स्पेसरचं टोक मुलाच्या ओठांत घट्ट धरायला सांगा. एक फवारा, मग स्पेसरमधूनच चार श्वास आत-बाहेर. पुन्हा हलवून दुसरा. असे चार. घाईत चारही एकदम मारले, तर बरंचसं औषध स्पेसरच्या भिंतींनाच चिकटतं. मग घड्याळ बघून चार मिनिटं थांबा. उतार नसेल तर आणखी चार. तरीही नसेल तर 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत हेच चालू ठेवा. मुलाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर फोन आधी करा, फवारे सुरूच ठेवा. आणि घरघर थांबली, पण मूल मलूल पडलं, तर ती सुधारणा समजू नका. हवाच आत जात नसते.

स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून तसाच वाळू द्या. कापडानं घासला की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध तिथंच चिकटतं. पंपात साधारण 200 फवारे असतात. औषध संपलं तरी नुसत्या वायूचा फस्स आवाज येत राहतो, म्हणून मोजणी ठेवा.

‘पंपाची सवय लागते’ म्हणून पालक आजार लपवतात. सवय लागत नाही. मात्र आरामाचा पंप वरचेवर लागू लागला, तर दमा आटोक्यात नाही, डॉक्टरांना दाखवा. पीटीच्या तासाला या मुलांना बाजूला बसवतात, त्याचं फार वाईट वाटतं. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर खेळाआधी दहा-पंधरा मिनिटं पंप घ्यावा, अंग हळूहळू गरम करावं आणि खो-खो खेळावा.