लिमरिकचा हॅरिस

[किल्की, काउंटी क्लेअर. लाटा, भिंत, रॅकेट खेळणारी मुलं]

अटलांटिक इथे थेट अंगावर येतो. मधे आडवं काही नाही, पलीकडचा किनारा थेट कॅनडाचा. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या गावाचं नाव किल्की. लिमरिक शहरातली बऱ्या परिस्थितीतली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात इथे मुक्काम टाकतात, आणि त्यांची पोरं दिवसभर या भिंतीसमोर असतात. हातात रॅकेट, समोर भिंत. चेंडू मारायचा, परत आला की पुन्हा मारायचा. नियम समजावण्यापेक्षा थोडा वेळ बघत राहिलेलं बरं.

या खेळाचा इथला मानाचा करंडक म्हणजे टिव्होली कप. 1948 ते 1951, सलग चार वर्षं तो एकाच मुलाने जिंकला. गावात त्याला डिकी हॅरिस म्हणायचे. जगाला तो नट रिचर्ड हॅरिस म्हणून माहीत आहे. आपल्याकडच्या मुलांना विचाराल तर हॅरी पॉटरमधला म्हातारा जादूगार, डम्बलडोर. पहिल्या दोन चित्रपटांतला, पांढऱ्या दाढीचा, हळू आवाजात बोलणारा.

किनाऱ्यावरचा हा त्याचा ब्राँझचा पुतळा. 2006 मध्ये रसेल क्रोने येऊन त्याचं अनावरण केलं. अंगावर ना राजाची वस्त्रं, ना जादूगाराचा झगा. रॅकेट घेतलेला तरुण आहे हा. किल्कीवाल्यांनी अचूक निवडलं.

[लिमरिक. शॅनन नदी, किंग जॉनचा किल्ला]

जन्म 1 ऑक्टोबर 1930, लिमरिक. आठ भावंडं. घरची पिठाची गिरणी होती, बेकरी होती, नोकरचाकर होते. रिचर्डला कळू लागेपर्यंत त्यातलं बरंचसं ओसरलं होतं. धंदा बसला तरी मुलांची शाळा बदलली नाही. क्रेसेंट कॉलेज, जेझुइट पाद्र्यांची शाळा. अभ्यासात हे चिरंजीव यथातथाच. रग्बीत मात्र दादा.

लिमरिकमध्ये रग्बी म्हणजे काय, हे बाहेरच्याला पटकन कळत नाही. आयर्लंडच्या बऱ्याच भागांत हा पैसेवाल्यांच्या शाळांचा खेळ. लिमरिकमध्ये तो गोदीतला हमाल खेळतो आणि डॉक्टरही खेळतो, एकाच संघातून. हॅरिस शाळेकडून खेळला, मग गॅरीओवेन क्लबकडून. धिप्पाड, उंच, पुढच्या फळीत घुसणारा. त्याला लाल जर्सी हवी होती, मन्स्टर प्रांताची. तिच्यापुढे आयर्लंडची हिरवी जर्सी हे तर फारच लांबचं स्वप्न.

मग विशीच्या आसपास क्षय झाला.

तेव्हाच्या आयर्लंडमध्ये या रोगाचं नाव शेजाऱ्यांसमोर घेत नसत. 1948 नंतर आरोग्यमंत्री नोएल ब्राउन यांनी सॅनेटोरियमं उभारण्याची मोठी मोहीम काढली होती, औषधंही येऊ लागली होती. त्यामुळे जीव वाचला. खेळ संपला. अंथरुणात वर्षं गेली, आणि आजवर पुस्तकाला हात न लावणारा हा मुलगा वाचू लागला. नाटकं, कविता, हाताला लागेल ते. पडल्या पडल्या छताकडे बघत माणसं उभी करायची, त्यांच्याशी बोलायचं. पुढे मुलाखतींतून तो हे पुन्हा पुन्हा सांगत असे. नट कुठे घडला असं विचाराल, तर लंडनचं नाव घेऊ नका. तो याच आजारपणात घडला.

[लंडन. स्ट्रॅटफर्ड ईस्टचं थिएटर रॉयल, बाहेरून]

लंडनला तो गेला दिग्दर्शक व्हायला. तसा अभ्यासक्रम कुठे मिळेना, म्हणून अभिनयाच्या शाळा. एकीने ऑडिशनमध्ये नापास केलं, दुसरी म्हणाली वय जास्त आहे. तेव्हा तो चोविशीत होता. अखेर लॅमडा या नाट्यशाळेने घेतलं. शिकता शिकताच गाठीला होते ते पैसे घालून त्याने एक छोटं थिएटर भाड्याने घेतलं, स्वतः नाटक बसवलं आणि सगळे पैसे बुडवले. हातात काही उरलं नाही.

1956 मध्ये दिग्दर्शिका जोन लिटलवूडच्या थिएटर वर्कशॉप या नाटकमंडळीत पहिलं व्यावसायिक काम मिळालं. हीच ती इमारत. नाटक ब्रेंडन बेहनचं, डब्लिनच्या तुरुंगातलं, फाशीच्या आदल्या रात्रीचं. लिटलवूडबाईंच्या तालमीत पाठांतरापेक्षा अंग हलवण्यावर, उत्स्फूर्त प्रसंगांवर भर. रग्बी खेळलेल्या माणसाला हे मानवलं.

[वेकफिल्ड, यॉर्कशर. बेल व्ह्यू मैदान, चिखल]

आता हे मैदान बघा. वेकफिल्ड ट्रिनिटीचं बेल व्ह्यू. 'धिस स्पोर्टिंग लाइफ' या चित्रपटातली खेळाची दृश्यं इथे चित्रित झाली. दिग्दर्शक लिंडसे अँडरसन, लेखक डेव्हिड स्टोरी. स्टोरी स्वतः पैसे घेऊन रग्बी लीग खेळलेला. हॅरिसने केलेला फ्रँक मेचिन हा खाणकामगारांच्या गावातला खेळाडू, मैदानावर बैल, घरात मुका. प्रेम आहे, पण ते कसं द्यायचं ते ठाऊक नाही.

एक गोष्ट जाणकारांसाठी. लिमरिकची रग्बी युनियन, वेकफिल्डची लीग. खेळाडूंची संख्या वेगळी, नियम वेगळे, आणि त्या काळात दोन्हींत विस्तव जात नव्हता. हॅरिसला तेराजणांचा खेळ नव्याने शिकावा लागला. पण धडक घेताना खांदा कसा जातो ते शिकावं लागलं नाही. पडद्यावर ते दिसतं. लिमरिकच्या मैदानावर जे अर्ध्यात सुटलं, ते या चिखलात त्याने पुरं करून घेतलं असं आम्हाला वाटतं.

1963 चं कान महोत्सवाचं सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक याच भूमिकेला. ऑस्करचं नामांकनही.

[पोस्टर, जुने फोटो, तबकडी फिरते]

यानंतर हॉलिवुड. 1967 मध्ये 'कॅमलॉट'चा राजा आर्थर. त्याच्या पुढच्या वर्षी एक गाणं, 'मॅकआर्थर पार्क', सात मिनिटांहून लांब. रेडिओवर तीन मिनिटांचा रिवाज असताना अमेरिकेत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. आवाज गायकाचा नव्हे, नटाचा. म्हणूनच चाललं.

आणि 1970 मध्ये 'क्रॉमवेल'. इथे थांबायला हवं. मघाशी किल्ला पाहिलात ना? 1651 मध्ये इंग्रज सेनापती क्रॉमवेलचा जावई हेन्री आयर्टन याने लिमरिकला वेढा घातला, महिनोन्‌महिने उपाशी ठेवलं. शहर पडलं. महिन्याभरातच आयर्टनही तिथेच तापाने गेला. आयर्लंडमध्ये क्रॉमवेल हे नाव आजही शिवीसारखं घेतात. त्याचं सोंग पडद्यावर आणलं लिमरिकच्या, कॅथलिक घरातल्या मुलाने. भूमिका म्हणजे भूमिका, हे म्हणायला सोपं आहे.

सत्तरच्या दशकात चित्रपट पुष्कळ, लक्षात राहावेत असे थोडे. दारूचे किस्से मात्र ढिगाने. ते इंटरनेटवर सापडतील, आम्ही वेळ घालवत नाही. दोन लग्नं, दोन्ही मोडली. पहिल्या लग्नाचे तीन मुलगे. 1981 मध्ये तब्येतीने इशारा दिला तेव्हा दारू सोडली. त्याच सुमारास 'कॅमलॉट'च्या रंगभूमीवरच्या प्रयोगात रिचर्ड बर्टन आजारी पडला, हॅरिस त्याच्या जागी उभा राहिला. मग नाटकाचे हक्कच विकत घेतले आणि गावोगाव प्रयोग लावले. पैसा उदंड आला. सिनेमावाले त्याला विसरले.

[लीनॅन, काउंटी गॉलवे. किलरीची खाडी, डोंगरउतार, ओली शेतं, दगडी बांध]

1989. लीनॅन गावात 'द फील्ड'ची तयारी चालली होती. दिग्दर्शक जिम शेरिडन. मूळ नाटक जॉन बी. कीन यांचं, केरीमध्ये 1958 साली जमिनीच्या वादातून झालेल्या एका खुनावर बेतलेलं. मुख्य भूमिका रे मॅकअ‍ॅनलीची ठरली होती. हॅरिसला देऊ केला होता तो गावचा पाद्री, छोटंसं काम. जूनमध्ये मॅकअ‍ॅनली अचानक वारला. हॅरिसने मुख्य भूमिका मागून घेतली, मागे लागून.

बुल मकेब. विधवेच्या जमिनीचा कूळ. खडकावर बापजाद्यांनी माती आणून टाकली, डोंगर चढून समुद्रशेवाळाच्या टोपल्या वाहिल्या, तेव्हा कुठे हे हिरवं शेत झालं. चित्रपटाच्या सुरुवातीलाच या टोपल्या दिसतात. बाप आणि मुलगा, पाठीवर ओझं, समोर चढ. त्याच प्रकारचा चढ आत्ता तुमच्यासमोर आहे, बघा. आणि एक दिवस विधवा जाहीर करते, शेताचा लिलाव. बोली लावायला अमेरिकेहून एकजण पैसे घेऊन येतो.

कागद कुणाच्या नावावर आणि घाम कुणाचा, हे भांडण महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको. आपल्याकडे त्यासाठी कूळकायदा आला. चित्रपट 1930 च्या दशकात घडतो. तेव्हा आयर्लंडमध्ये जमीनदार गेले होते, भुकेची आठवण गेली नव्हती. बुलची बायको त्याच्याशी अठरा वर्षं बोललेली नाही. त्याचं कारण चित्रपटातच बघा. हॅरिस ओरडतो तेव्हा तो मोठा आहेच. पण दारूच्या गुत्त्यात, लिलावाआधी, काठी टेकून नुसता उभा राहतो तेव्हा गुत्त्यातली माणसं आपोआप सरकून जागा करतात. तो गुत्ता अजून आहे. गेनर्स. हा त्याचा दरवाजा, ही आतली चूल.

या भूमिकेने दुसरं ऑस्कर नामांकन दिलं. ते जेरेमी आयर्न्सने नेलं.

[संग्रहातली दृश्यं]

मग पुन्हा रांग लागली. क्लिंट ईस्टवूडचा 'अनफरगिव्हन', त्यातला बढाईखोर इंग्लिश बॉब. 2000 मध्ये 'ग्लॅडिएटर'चा थकलेला सम्राट मार्कस ऑरेलियस. डम्बलडोर तो करणार नव्हता. अकरा वर्षांच्या नातीने बजावलं, नाही म्हणालास तर बोलणार नाही. केला. 25 ऑक्टोबर 2002 ला लंडनमध्ये कर्करोगाने गेला, वय 72. दुसरा चित्रपट लागायला काही आठवडेच होते. दाढी पुढे मायकेल गॅम्बनकडे गेली. तोही जन्माने डब्लिनचा, हे फारसं कुणी सांगत नाही.

[लिमरिक, ओ'कॉनेल स्ट्रीट. मोठा पडदा, लाल जर्सींची गर्दी]

20 मे 2006. हॅरिसला हवी होती त्या लाल जर्सीचा, मन्स्टरचा संघ युरोपच्या रग्बी स्पर्धेच्या अंतिम फेरीत, कार्डिफला. 2000 मध्ये हरलेला, 2002 मध्ये पुन्हा हरलेला. ज्यांना तिकीट मिळालं नाही ते हजारोंनी इथे रस्त्यावर. या गर्दीचं चित्र कार्डिफच्या मैदानातल्या पडद्यावर दाखवलं गेलं आणि तिथले खेळाडू वर बघत राहिले. मन्स्टर 23, बियारिट्झ 19.

हॅरिसची पत्रं, संहिता, कागदपत्रं मुलांनी कॉर्कच्या विद्यापीठाला सोपवली आहेत. लिमरिकला नाही. पण कॉर्कही मन्स्टरमध्येच येतं, तेव्हा लिमरिककर फार रागावले नसावेत.