सायक्लिकल म्हणजे नेमकं काय?

नमस्कार, श्रोतेहो. बाजाराच्या बातम्यांत एक शब्द वारंवार कानावर पडतो: सायक्लिकल. मराठीत चक्रीय. ग्रीक ‘कुक्लोस’पासून तो आला, आपलं ‘चक्र’ही त्याच कुळातलं.

पण परत येणारं सगळंच सायक्लिकल नसतं. हॅलेचा धूमकेतू 1986 मध्ये येऊन गेला, आता 2061 मध्ये दिसेल. तो पिरिऑडिक, आवर्ती. दिवाळीच्या तोंडावर कपड्यांचा खप वाढतो, तो सीझनल, हंगामी. सायक्लिकलमध्ये चढामागून उतार येतो, पण त्याची तारीख ठरलेली नसते.

कांद्याचंच बघा. नाशिक भागात उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलपासून निघतो आणि चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, भरला जातो. पावसाळा सरता सरता चाळी रिकाम्या होऊ लागतात, तेव्हा सहसा भाव चढतो. खरिपाचा लाल कांदा लिलावात आला की उतरतो. हे हंगामी झालं. चक्र वेगळंच असतं. एखाद्या वर्षी कांद्यानं चांगले पैसे दिले की पुढच्या वर्षी जो तो रोपं टाकतो. मग आवक इतकी होते की वाहतुकीचा खर्चही निघत नाही. हात पोळलेला शेतकरी लागवड घटवतो आणि टंचाई होऊन भाव पुन्हा भडकतात. पाऊस आणि निर्यातबंदी यांनी हे चक्र लांबतं किंवा आखडतं, पण त्याला फिरवणारी गोष्ट आतच असते: आजच्या भावावरून उद्याची लागवड ठरते.

म्हणूनच मंदीला कोणी सायक्लिकल म्हटलं, तर ती कशामुळे उलटणार, हे त्यानं सांगायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. कारण हा शब्द ऐकणारा माणूस दिवस फिरतील या भरवशावर थांबून राहतो.

1982 च्या संपानंतर मुंबईतले कितीतरी गिरणी कामगार गिरणीचा भोंगा पुन्हा वाजेल म्हणून असेच थांबले होते. पण कापडधंद्याची घडणच बदलत होती. माग भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत चालत होते आणि गिरणगावातल्या जमिनीचं मोल गिरणीपेक्षा जास्त होऊ लागलं होतं. अशा बदलाला स्ट्रक्चरल म्हणतात, संरचनात्मक. त्यात चढाची पाळी आपोआप येत नाही. गिरण्यांच्या जागी पुढे मॉल आणि टॉवर उभे राहिले.