चिठ्ठीतली पाच नावं

नमस्कार श्रोतेहो.

मी नाशिकरोडला राहते. फेब्रुवारीत आमच्याकडे बाळ येशूची यात्रा भरते. मुंबई-वसईकडून माणसं गाड्या भरभरून येतात आणि शेजारच्या मावशींच्या दारात चपलांचा ढीग पडतो. मावशी मूळच्या वसईच्या. मी गोव्याला निघाले तेव्हा त्यांनी माझ्या हातात एक चिठ्ठी ठेवली. तिच्यावर पाच नावं होती. म्हणाल्या, "सायबासमोर उभी राहून ही वाच. माझ्या गुडघ्यांना आता एवढा प्रवास झेपत नाही."

सायब म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसारक संत फ्रान्सिस झेवियर. गोवेकर त्यांना 'गोंयचो सायब' म्हणतात. त्यांचे अवशेष जुन्या गोव्यातल्या बॉम जिझस चर्चमध्ये आहेत. पणजीपासून साधारण दहा किलोमीटर. चर्चचं बांधकाम १५९४ मध्ये सुरू झालं आणि १६०५ मध्ये ते उपासनेसाठी खुलं झालं. गंमत बघा, हे चर्चही बाळ येशूलाच वाहिलेलं.

आत जायच्या आधी मी भिंतीपाशी थांबले. सगळा जांभा, लालभडक, छिद्राछिद्रांचा. हात फिरवला तर बोटांना लाल भुकटी लागली. पूर्वी यावर चुन्याचा गिलावा होता, तो १९५०च्या दशकात काढून टाकला. तेव्हापासून दर पावसाळ्यात जांभा थोडाथोडा झिजतोय. लाल भिंत फोटोत छान दिसते हे खरं, पण मला मनापासून वाटतं, गिलावा परत चढवावा. घर उघडं ठेवून पावसात भिजवत नाही कुणी. दर्शनी बाजूला मात्र काळ्या दगडाचं कोरीवकाम आहे, आणि तो दगड आला वसईकडून. आपल्या काळारामाच्या देवळाचा दगड ज्या जातीचा, त्याच जातीचा. परक्या गावात ओळखीचं माणूस भेटावं तसं झालं मला.

झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरले आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारले. लवकर हाडं मोकळी व्हावीत म्हणून सोबत्यांनी शवपेटीत चुना भरला. काही आठवड्यांनी उघडून पाहिलं तर देह जसाच्या तसा. तिथून तो आजच्या मलेशियातल्या मलाक्काला नेला आणि १५५४ मध्ये गोव्यात आणला. पुढे १६१४ मध्ये उजव्या हाताचा भाग कापून रोमला नेला. ऐकायला कठोर वाटतं, पण श्रद्धेला जवळ काहीतरी हवंच असतं. इटलीतल्या टस्कनीचा ड्यूक तिसरा कोसिमो याला संतांच्या डोक्याखालची उशी मिळाली आणि त्याच्या बदल्यात त्यानं संगमरवरी समाधी करवून पाठवली. एका उशीसाठी एवढं! ती समाधी १६९८ मध्ये चर्चमध्ये उभी राहिली.

तिच्यावर, बऱ्याच उंचावर, चांदीची पेटी आहे. ती १६३६-३७ च्या सुमारास गोव्यातल्याच चांदीकारांनी घडवली. संतांच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेले तिच्यावरचे पत्रे खालून धड दिसत नाहीत. माना वर करून लोक देह शोधतात, फोन उंचावतात आणि पुढे सरकतात. माझं सांगणं एवढंच, पाच मिनिटं बाजूला उभं राहा. डोळ्यांना अंधाराची सवय झाली की चांदीवरची माणसं हळूहळू दिसायला लागतात.

दर दहा वर्षांनी संतांचे अवशेष खाली आणून समोरच्या से कॅथेड्रलमध्ये दर्शनाला ठेवतात. शेवटचा सोहळा नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ असा झाला. तेवढं थांबायचं नसेल तर ३ डिसेंबरच्या फेस्ताच्या, म्हणजे संतांच्या सणाच्या, आधीचे नऊ दिवस नोव्हेना म्हणजे रोजची खास प्रार्थना असते, तेव्हा जा. सावंतवाडी, बेळगावकडून लोक चालत येतात. त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेत पौषातल्या थंडीत दिंड्या येतात ना, तशीच त्यांच्या पायांवर धूळ असते. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाला, नाहीतर दारातच अडवतील.

मी समाधीसमोर चिठ्ठी उघडली. चार नावं माझ्या ओळखीची होती, मावशींच्या मुलाबाळांची. पाचवं नाव माझं होतं. मागून रांग पुढे ढकलत होती, तरी मी पाचही नावं सावकाश वाचली.