नीलपुष्पीचा कागद

मंडळी, गणपतीच्या सुमारास उसाच्या बांधावर, कुंपणाच्या तारेवर निळ्या फुलांची एक वेल चढलेली दिसते. पान तीन खंडांचं, देठावर लव. ही नीलपुष्पी, इपोमिया निल. हिच्या बिया काष्ठौषधींच्या दुकानात काळादाणा म्हणून मिळतात. जुलाबाचं जुनं औषध. आज बोलायचंय ते हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पती कागदावर डकवून जपणाऱ्या संग्रहाच्या कपाटातल्या, ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या कागदावरच्या नीलपुष्पीबद्दल.

ही वेल वाळवायची म्हणजे डोकेदुखी. फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. दुपारी गेलात तर हाती गुलाबी चोळामोळा येतो. सकाळी खुडलं तरी ते पातळ नरसाळं दाबताना वर्तमानपत्राला चिकटतं. म्हणून एखादं फूल उभं चिरून, उलगडून दाबायचं. मग नळीच्या तळाशी पाच पुंकेसर दिसतात, एकमेकांपेक्षा उंचीला कमीजास्त. निळा रंग मात्र हटकून जातो. तो शिल्लक राहतो कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर, कुणी लिहून ठेवला असेल तर.

नावाचंही तसंच. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७६२ साली हिला कॉन्व्हॉल्व्हुलस निल म्हटलं, रॉथ या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञानं १७९७ साली इपोमिया या प्रजातीत आणलं. तरी हूकरच्या ब्रिटिश इंडियाच्या फ्लोरात (प्रदेशातल्या वनस्पतींच्या नोंदग्रंथात) आणि कुकच्या मुंबई इलाख्याच्या फ्लोरात ती इपोमिया हेडेरेसिया म्हणून आली, आणि जुन्या कागदांवर तेच नाव चढलं. फरक भिंगाखाली कळतो: हेडेरेसियाच्या निदलांची (फुलाच्या तळच्या हिरव्या दलांची) टोकं बाहेर वळलेली, निलची लांब, निमुळती, सरळ. नंतरचा अभ्यासक जुनं नाव खोडत नाही, शेजारी आपली चिठ्ठी डकवतो. मला या डकवलेल्या चिठ्ठ्या मूळ नमुन्याइतक्याच वाचनीय वाटतात.

आता ही वेल 'जंगली' का? बहुतेक अभ्यासक हिचं माहेर उष्ण कटिबंधातली अमेरिका मानतात. पण कोलंबस निघण्याच्या कितीतरी आधी ती चीनमार्गे जपानात औषध म्हणून पोचली होती! तो वाद बाजूला ठेवू. आपल्याकडे ती बागेतही लावतात आणि रानातही पसरते. त्यामुळे 'लागवडीतली' हा एक शब्द चिठ्ठीवरून गळला, की कागदावरून काहीच ठरवता येत नाही. हूकर आणि थॉमसन यांच्या संग्रहातल्या छापील चिठ्ठ्या तुम्हाला ठाऊक असतील: ठिकाण 'मलबार, कोकण, इत्यादी', संग्राहक 'स्टॉक्स, लॉ, इत्यादी'. त्या 'इत्यादी'त गाव कुठलं शोधायचं?

दुसरी अडचण आपल्याच सवयीची. आपण पन्हाळा, आंबा घाट, दाजीपूर असं डोंगरात फिरतो, दुर्मीळ काही सापडलं की नाचतो. बांधावरचं तण कोण दाबतो? मग नोंदींच्या नकाशावर हातकणंगले, शिरोळ हे शेतीचे तालुके कोरे दिसतात आणि कुणीतरी लिहून मोकळा होतो की तिथं ती नाही.

तेव्हा विद्यार्थ्यांना एवढंच सांगतो. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा बोंडासकट फांदी दाबून आणा. बोंडाचे कप्पे तीन, प्रत्येकात साधारण दोन बिया. चिठ्ठीवर गाव, तारीख, खुडल्याची वेळ आणि फुलाचा रंग लिहा. शेजारी कुणाची बाग असेल, तर तेही.