चाकणला कामाला येताना

(दृश्य: पहाट. शिक्रापूरचा चौक. एसटीतून सामानासह उतरणारी मुलं.)

परभणी-बीडकडून अहिल्यानगरमार्गे येणाऱ्या गाड्या शिक्रापूरला दोन मिनिटं थांबतात. या मुलांच्या हातातलं तिकीट बहुतेक वेळा पुण्याचं असतं. काम चाकणच्या कारखान्यात असेल, तर पुण्यापर्यंत जाण्यात अर्थ नाही, इथंच उतरायचं. इथून चाकणला सरळ रस्ता आहे आणि शेअर गाड्या मिळतात. झोपेत पुढं गेलेला माणूस पुण्यात वाकडेवाडीला उतरतो आणि भोसरी, मोशी करत पुन्हा उत्तरेला येतो, तेही सगळं सामान घेऊन, ऐन गर्दीच्या वेळी.

सामान बघा. गादीची वळकटी, पत्र्याची पेटी, बादली. बादली आणली ते बरं केलं, भाड्याच्या खोलीत ती नसते. घरचं ज्वारीचं पीठही चालेल. पण हात सुटू द्यायचा नाही तो कागदांच्या पिशवीवरचा.

(दृश्य: झेरॉक्सच्या दुकानापुढची रांग. प्लास्टिकच्या फोल्डरमधले कागद, जवळून.)

दहावीची गुणपत्रिका, आयटीआयचं प्रमाणपत्र किंवा डिप्लोमाच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, बँकेचं पासबुक, आठ-दहा फोटो. मूळ कागद दाखवायचे, द्यायच्या त्या झेरॉक्स. मूळ गुणपत्रिका ‘जमा’ करून घेणारा एजंट भेटला, तर ती सोडवायला नंतर पैसे मोजावे लागतात.

आता या फोल्डरमधले तीन कागद शेजारी ठेवून बघा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी. आधारवर आडनाव शेवटी, आणि वडिलांचं नाव गाळलेलं. पॅनवर स्पेलिंगच वेगळं. कामावर घेताना याकडे कुणी बघत नाही. पण भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे पीएफचा, यूएएन हा कायमचा नंबर आधारवरच्या नावानं निघतो. बँक आणि पॅन त्याला जुळले नाहीत तर केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, होत नाही, आणि केवायसी नाही तर पुढं पीएफ निघत नाही. ही दुरुस्ती गावाकडे असतानाच करून घ्यावी. इथं आल्यावर आधार केंद्राच्या रांगेसाठी एका दिवसाचा खाडा पडतो.

आधारला जोडलेला मोबाइल नंबर कुणाचा आहे, हेही बघून घ्या. पुष्कळ घरांत तो वडिलांचा असतो. मग ओटीपी गावाकडे जातो, वडील रानात, फोन घरात चार्जिंगला. इकडे कंत्राटदाराच्या टेबलापाशी फॉर्म अडकलेला, मागं वीस जण उभे.

(दृश्य: कंपनीच्या गेटबाहेर कंत्राटदाराचं टेबल. भिंतीवर ‘भरती चालू आहे’चे कागद.)

चाकण चौकातल्या जवळजवळ प्रत्येक खांबावर असा एक कागद चिकटवलेला असतो. ‘नामांकित कंपनीत त्वरित भरती, राहण्या-जेवणाची सोय.’ कंपनीचं नाव नसतं, नंबर असतो. तिथं गेल्यावर आधी फॉर्मचे पैसे, मग मेडिकलचे, मग गणवेशाचे. पैसे मागितले की उठायचं. खऱ्या भरतीत कंत्राटदाराला माणसं पुरवण्याचे पैसे कंपनी देते, ते मुलांच्या खिशातून घ्यायचं कारण नाही.

(दृश्य: शिफ्ट सुटतानाचं गेट. वेगवेगळ्या रंगांचे शर्ट.)

हे दृश्य आम्ही मुद्दाम लांब ठेवलं आहे. शर्टांचे रंग बघा. लाइन एकच, नटबोल्ट तेच, ठोके तेवढेच. पण एका रंगात कंपनीचे कायम कामगार, दुसऱ्यात कंत्राटी, तिसऱ्यात अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार. रुजू होताना तुम्हाला कुठला शर्ट मिळतोय ते आधी विचारा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर ठरतो.

अप्रेंटिस असाल, तर तुमचा करार 1961च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली सरकारी पोर्टलवर नोंदलेला हवा. त्यात पगार नसतो, विद्यावेतन असतं. पीएफ कापला जात नाही, ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा योजनाही लागू नाही. कामावर इजा झाली, तर भरपाईची जबाबदारी मात्र मालकावर आहे. पोर्टलवर तुमचं नावच नसेल, तर गळ्यातल्या कार्डावर ‘ट्रेनी’ लिहिलंय एवढाच काय तो तुमचा पुरावा.

कंत्राटी असाल, तर तुमचा मालक कागदावर कंपनी नसून कंत्राटदार असतो. त्याच्या फर्मचं पूर्ण नाव, पत्ता आणि तुमचा टोकन नंबर पहिल्याच दिवशी लिहून घ्या. सुपरवायझर ज्या नावानं हाक मारतो ते फर्मचं नाव असतंच असं नाही. नोव्हेंबर 2025मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांनी प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक केलंय. मागितल्याशिवाय ते हातात पडत नाही, म्हणून मागा. आवाज न चढवता, पण मागा.

पगार चिठ्ठीवरच्या कपातीत दोन ओळी मुख्य. पीएफ, म्हणजे मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या 12 टक्के, तेवढेच मालकाचे. ईएसआयसी, तुमचे 0.75 टक्के, मालकाचे 3.25, महिन्याचं वेतन 21,000 रुपयांपर्यंत असेल तर. चिठ्ठीवर कापलेले पैसे पुढं भरले का, हे उमंग ॲपमधल्या पासबुकात दिसतं. मालकानं ते पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचे असतात. म्हणजे जूनचे पैसे जुलैच्या शेवटाला पासबुकात दिसायला हवेत. सलग दोन महिने दिसले नाहीत, तर तिसऱ्याची वाट बघू नका.

ईएसआयसीचा दहा आकडी नंबर फोनमध्ये ठेवा आणि खोलीतल्या एका मित्रालाही देऊन ठेवा. प्रेस मशीनमध्ये बोट गेलं, तर नंबर सांगायला तुम्ही शुद्धीवर असालच असं नाही. आजारपणाची रजा-भरपाई मिळायला वर्गणीच्या सहा महिन्यांत 78 दिवसांची वर्गणी भरलेली लागते. कामावरच्या इजेला ती अट नाही, पहिल्या दिवसापासून हक्क आहे. मात्र इजेची नोंद कंपनीच्या अपघात वहीत त्याच दिवशी झाली पाहिजे. ‘आधी खासगी दवाखान्यात जाऊन ये, मग बघू’ म्हणतात, ते नेमकं ही नोंद टाळण्यासाठी. या भागाला जवळचं ईएसआयसी रुग्णालय चिंचवडच्या मोहननगरला आहे.

(दृश्य: मोबाइलवर कॅलेंडर, तारखांवरून फिरणारं बोट.)

पहिला पगार कधी? एक तारखेला लागलात, तर पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत. काही ठिकाणी हजेरी एका महिन्याच्या 26 तारखेपासून पुढच्या महिन्याच्या 25 तारखेपर्यंत धरतात. तिथं 22 तारखेला रुजू झालेल्याला पहिल्या पगारात चार दिवसांचे पैसे मिळतात, पुढचा पूर्ण पगार त्यानंतर महिन्यानं. म्हणून घरून निघताना निदान चाळीस दिवसांचा खर्च हातात हवा. खोलीचं डिपॉझिट, पहिलं भाडं, मेसची आगाऊ रक्कम, रोजचं गाडीभाडं. सेफ्टी शूज कंपनी देणार की कंत्राटदार कापणार, तेही विचारा. कापणार असतील तर ती रक्कमही त्यात धरा.

(दृश्य: तळेगाव चौक. कंटेनर, बस, दुचाकी, सगळंच अडकलेलं.)

सकाळी पावणेसातचा तळेगाव चौक. नाशिक रस्ता आणि तळेगाव-शिक्रापूर रस्ता इथं एकमेकांना कापतात. पलीकडे आंबेठाण चौकातही हेच. नकाशावर चार किलोमीटर दिसतात, पण फर्स्ट शिफ्टला जाताना ते वेगळे आणि दुपारी सुटताना वेगळे. खोली बघायची ती चौकाच्या कुठल्या बाजूला, हा प्रश्न भाड्याच्या आधीचा. महाळुंगे, निघोजे, खराबवाडीच्या कंपनीत काम आणि खोली मेदनकरवाडीत, म्हणजे रोज हा चौक ओलांडणं आलं. कंपनीची बस चुकली की अर्धा दिवस गेला. बस नेमकी कुठल्या थांब्यावर येते ते आधी विचारा, आणि चालत दहा मिनिटांत खोली शोधा.

(दृश्य: बैठ्या खोल्यांची ओळ. दारात चपलांचा ढीग. भिंतीवर सबमीटर, जवळून.)

गावकऱ्यांनी आपल्या जागेत बांधलेल्या या खोल्या. दहा बाय दहा, वर पत्रा, एका खोलीत चार जण. शिफ्ट वेगळ्या असल्या तर एकाच गादीवर दोघं आळीपाळीनं झोपतात. ‘कॉट बेसिस’ म्हटलं की भाडं फक्त खाटेचं. खोलीची किल्ली तुमच्याकडे असेलच असं नाही, म्हणून पेटीला कुलूप लावा.

भिंतीवरचा हा छोटा मीटर बघा. वीज महावितरणची, पण युनिटचा दर मालक ठरवतो. खोली घेताना दर विचारा आणि त्या दिवशीच्या आकड्याचा फोटो काढा. पाणी किती वाजता येतं? बोअरचं असेल तर उन्हाळ्यात टँकरचे पैसे कुणी द्यायचे? थर्ड शिफ्टवाला सकाळी आठला येऊन झोपणार, त्याला दिवसा शांतता मिळेल का? आणि पत्र्याखाली एप्रिलमध्ये दुपारी झोप लागेल का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’. स्लॅबची खोली थोडी महाग पडली तरी आलटून-पालटून शिफ्ट असणाऱ्यानं तीच घ्यावी.

आता करार. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही’ हे वाक्य इथं प्रत्येक मालकाच्या तोंडी आहे. ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 : करार कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणी करून देणं मालकाचं काम. केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल तीच अट खरी धरली जाते. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नाही.

आणि खर्च किती? चार हजार भाडं, आठ हजार डिपॉझिट, अकरा महिने. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं दहा टक्के व्याज यांच्या 0.25 टक्के, म्हणजे शे-दोनशे रुपयांत बसतं. नोंदणी शुल्क ग्रामपंचायत हद्दीत 500, नगरपरिषद हद्दीत 1,000. चौघांत वाटलं तर एकेकाच्या वाट्याला दोन-तीन दिवसांचं जेवण. हा कागद हातात असला, की पत्ता बदलण्यापासून पोलिसांच्या भाडेकरू नोंदीपर्यंत सगळं सरळ होतं.

(दृश्य: संग्रामदुर्गाची तटबंदी, मागं मोबाइल टॉवर.)

गुरुवारी सुट्टी असलेल्यांनी हा चाकणचा भुईकोट बघून यावा. 1660मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी तो शाएस्ताखानाच्या फौजेपुढं दोन महिन्यांच्या आसपास झुंजवला. जायला पैसे लागत नाहीत.

(दृश्य: मेस. तव्यावरच्या चपात्या, रांगेत ठेवलेले डबे, भिंतीवर नियमांची पाटी.)

पाटी वाचा. डबा दोन वेळचा, चपात्या चार, रविवारी संध्याकाळी बंद. खाड्याचा नियम खाली बारीक अक्षरात असतो : सलग तीन दिवस नसाल आणि आदल्या दिवशी सांगितलं असेल, तरच पैसे वजा. गावी जाताना हे विसरलात तर न खाल्लेल्या जेवणाचे पैसे जातात. सेकंड शिफ्ट रात्री बाराला सुटते, तोवर मेस बंद झालेली असते. म्हणून डबा संध्याकाळीच भरून घ्यायचा. कंपनीत कँटीन असेल तर त्या शिफ्टचं जेवण तिथंच करा आणि मेस एक वेळची लावा.

ज्यांना भाकरीशिवाय होत नाही ते खोलीत शेगडी मांडतात. पाच किलोचा छोटा सिलिंडर अधिकृत वितरकाकडे ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात मोठ्या टाकीतून छोटीत भरून देतात ती मात्र घेऊ नका. वॉशर गळका असतो, खोलीला खिडकी एकच, आणि भिंतीला टेकून चार जण झोपलेले. शनिवारी चाकणचा आठवडी बाजार असतो, भाजी त्या दिवशी भरून घ्या.

रेशन गावाकडेच राहतं असं समजू नका. कार्ड आधारला जोडलेलं असेल, तर आपल्या वाट्याचं धान्य इथल्या दुकानातही अंगठा लावून मिळतं.

(दृश्य: थर्ड शिफ्ट. रिकामा रस्ता, कंपनीची बस, खिडकीला टेकलेली डोकी.)

ओव्हरटाइमला ‘नाही’ म्हणता येतं, हे नव्या मुलांना माहीत नसतं. आठवड्याला 48 तासांच्या वर काम झालं, तर दर दुप्पट. चिठ्ठीवर तो ‘इन्सेंटिव्ह’ किंवा ‘इतर’ म्हणून एकपट दाखवला असेल, तर तुमचे तास तुमच्या वहीत लिहिलेले हवेत : तारीख, पंच इन, पंच आउट. झोप न झालेला माणूस चौथ्या रात्री प्रेससमोर उभा राहतो, तेव्हा काय होतं ते मोहननगरच्या वॉर्डात दिसतं.

(दृश्य: खोली रिकामी करणारी मुलं. सबमीटर, जवळून.)

सहा-सात महिन्यांनी कंत्राटदार ‘ब्रेक’ देतो, म्हणजे काम थांबवतो. काम सुटलं की दोन कामाच्या दिवसांत हिशेब मिळायला हवा. पीएफच्या खात्यात कंत्राटदारानं काम सोडल्याची तारीख भरली का, ते बघा. ती नसेल तर पैसे ना हलवता येतात ना पूर्ण काढता येतात. त्यानं भरलीच नाही, तर शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती तारीख तुम्ही स्वतः पोर्टलवर भरू शकता. नव्या ठिकाणी नवा यूएएन काढू देऊ नका, जुनाच द्या. आणि पीएफ दर वेळी काढून घेऊ नका, खातं पुढं हलवा. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते, पेन्शनचा वाटाही काढला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

खोली सोडताना मीटरच्या आकड्याचा फोटो, मालकासमोर हिशेब, आणि डिपॉझिट त्याच दिवशी हातात. ‘गावी जा, पाठवतो’ म्हणणाऱ्याचा फोन आठवड्यानं लागत नाही.