हाताने चालतो, सर्व्हिस म्हणून पडतो: बाइंडचं काय बिनसलंय?

नमस्कार मंडळी! उबुंटूवर बाइंड, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून आयपी पत्ता सांगणारा डीएनएस सर्व्हर टाकला, कॉन्फिग लिहिलं, 'सिस्टिमसीटीएल स्टार्ट नेम्ड' केलं (नेम्ड हे बाइंडच्या सर्व्हिसचं नाव) आणि सर्व्हिस 'फेल्ड'. तोच बाइंड 'सुडो नेम्ड -जी' करून हाताने चालवला तर मात्र छान उत्तरं देतो. अशा वेळी बरेच जण डीएनएसचा पोर्ट ५३ अडलाय असं धरून सिस्टिमडी-रिझॉल्व्हड, म्हणजे उबुंटूची स्वतःची नावं शोधणारी सर्व्हिस, बंद करतात. कृपा करून तसं करू नका! तो १२७.०.०.५३ वर बसतो, बाइंड १२७.०.०.१ वर. दोघं सुखाने नांदतात. वर तो बंद केला की त्या मशीनचंच नेट बोंबलतं ते वेगळं.

आधी लॉग वाचा. 'स्टेटस' शेवटच्या दहाच ओळी दाखवतो, म्हणून 'जर्नलसीटीएल -यू नेम्ड' करा.

[स्क्रीनवर लॉग]

ही ओळ बघा: क्वेरी लॉगची फाइल उघडताना 'परमिशन डिनाइड'. त्याखाली 'एक्झिटिंग, ड्यू टू फेटल एरर'. सगळं इथेच आहे. हाताने चालवताना सुडोमुळे तुम्ही रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युझर होता. सर्व्हिस मात्र 'बाइंड' नावाच्या युझरने चालते, आणि /व्हार/लॉग/नेम्ड हे फोल्डर तुम्ही सुडोने बनवलंय, म्हणजे मालक रूट. कॉन्फिग तपासणारं 'नेम्ड-चेककॉन्फ' काही बोलत नाही, कारण लिहिण्यात चूक नाहीच.

आता खरी मेख. लोक फोल्डरचा मालक बदलतात, तरी सर्व्हिस पडतेच. इथे 'एलएस -एल' करा.

[फाइलच्या ओळीवर झूम]

दिसलं? फोल्डर बाइंडचं झालं, पण आतली क्वेरी डॉट लॉग अजून रूटचीच! मघाशी हाताने चालवताना ती तयार झाली होती. म्हणून मालक बदलणाऱ्या 'चोन' कमांडला '-आर' (कॅपिटल आर) लावायचं, म्हणजे आतलं सगळंच बाइंडच्या नावावर होतं. /व्हार/कॅश/बाइंड मध्येही रूटच्या फाइली राहिल्यात का तेही बघून घ्या.

लॉग भलत्याच फोल्डरमध्ये ठेवला असेल तर मालक बरोबर असूनही कुठला प्रोग्राम कुठे लिहू शकतो हे ठरवणारा उबुंटूचा पहारेकरी अ‍ॅपआर्मर अडवतो. 'जर्नलसीटीएल -के' मध्ये 'डिनाइड' दिसेल. त्याचे नियम बदलत बसण्यापेक्षा लॉग /व्हार/लॉग/नेम्ड मध्येच ठेवा, तिथे त्याची आधीच परवानगी आहे.

चला, रीस्टार्ट करू... 'अ‍ॅक्टिव्ह, रनिंग'. आता डिग, म्हणजे डीएनएसला प्रश्न विचारणारी कमांड मारतो. हे बघा, आलं उत्तर!